तंबू घेताना आधी कापड बघा

चौघांसाठी तंबू घेताय, तर पिशवीवरच्या 'चार माणसं' या आकड्यावर जाऊ नका. तो चार गाद्या एकमेकींना चिकटवून मोजलेला असतो. सामान कुठे ठेवणार? सहा जणांचाच बघा.

आता कापड. कुटुंबाच्या तंबूला मी पॉलिएस्टरच सुचवेन. नायलॉन हलकं, पण भिजलं की सैल पडतं आणि भर पावसात दोऱ्या ताणत बसावं लागतं. उन्हातही पॉलिएस्टर जास्त टिकतं. कॉटनमिश्रित कापडात आत कोंदट होत नाही, पण ते उचलायला जड आणि वाळायला वेळ घेतं.

डेनिअरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो धाग्याच्या जाडीबद्दल सांगतो, पाणी किती अडेल ते नाही. त्यासाठी मिलिमीटरमधला आकडा बघा, म्हणजे कापड किती उंच पाण्याचा दाब न झिरपता सोसतं ते: छताला २००० ते ३००० पुरतो, तळाला मात्र ३००० च्या पुढेच हवा, कारण गुडघा टेकला की तिथे दाब वाढतो.

घेण्याआधी बाहेरचं कापड उलटं करा. शिवणींवर आतून पट्टी सलग चिकटवलेली दिसली पाहिजे. जिथे दोन-तीन शिवणी एकत्र येतात तिथे बोट फिरवा. पट्टीची कड नखाने सुटत असेल तर तो तंबू सोडा.

सकाळी आत थेंब दिसले की लगेच गळतीचा संशय नको, बहुतेक वेळा ती आपल्याच श्वासाची वाफ असते. म्हणून जाळीचा आतला तंबू आणि वरची उघडती खिडकी यांवर अजिबात तडजोड करू नका.