एका वर्षाचं सर्टिफिकेट मिळतंय, मग बस झालं की

निकाल लागायच्या सुमारास, म्हणजे मे-जूनमध्ये, एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "मॅडम, आता मधी थांबलं तरी चालतंय ना? परत येता येतंय ना?" कुणी हळूच विचारतं, कुणी मित्रासाठी विचारतोय असं सांगून विचारतं. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. तेव्हापासून 'एक्झिट', म्हणजे पदवी पुरी न करता मधेच बाहेर पडायची सोय, हा शब्द गावागावांत पोचलाय. त्यामागचे नियम मात्र पोचलेले नाहीत.

नियम सांगते, पण आधी वंदनाची गोष्ट. नाव बदललंय, गाव सांगत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील इकडचे तिकडे केलेत. छापण्याआधी तिला वाचून दाखवलंय.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी समुपदेशक म्हणून आठवड्यातून दोन दिवस बसते. माझी खोली ग्रंथालयाच्या मागं. तिथं आधी एनएसएसची घमेली-फावडी ठेवलेली असायची. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवाच. त्यानंतर माझ्या खोलीतली घमेली हलली. फावडी अजून आहेत.

वंदना आली ती त्याच्या महिनाभर आधी, जून २०२५ मध्ये. बीएस्सीचं पहिलं वर्ष संपलेलं. हातात वहीच्या पानावर लिहिलेला अर्ज. "मॅडम, एक्झिटचा अर्ज ऑफिसात घेईनात. तुमच्याकडं द्यायचा का?"

मी तिला बसवलं आणि पहिली चूक केली. नियम सांगायला लागले. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पूर्ण झाले आणि वर आणखी चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली, तर एका वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांवर तसाच डिप्लोमा, तीनवर पदवी, चारवर ऑनर्स. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. कमावलेले क्रेडिट 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा राहतात, तेही सात वर्षं. दहा मिनिटं मी बोलत होते. ती माना डोलावत होती. मला वाटलं, छान समजावलं.

दारापर्यंत जाऊन ती वळली. "सात वर्षं म्हंजी २०३१ पर्यंत ना मॅडम?"

जिला खरंच थांबायचंय ती असा हिशेब करत नाही. मी तिला परत बसवलं आणि जे पहिल्यांदा विचारायला हवं होतं ते आता विचारलं. "हा अर्ज कुणी लिहिला?"

"भावानं."

"आणि तुला काय वाटतं?"

ती काही बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिसरीच गोष्ट बाहेर आली. पहिल्या सत्रात गणिताच्या पेपरात बॅक राहिला होता. परीक्षेच्या ऐन तोंडावर भावजयीचं बाळंतपण आलं आणि ही तीन आठवडे साखर कारखान्यावर, ऊसतोड्यांच्या पालात. बॅकचं घरी माहीत नव्हतं.

म्हणजे ज्या सर्टिफिकेटच्या भरवशावर घरच्यांनी तिचं कॉलेज थांबवायचं ठरवलं होतं, ते तिला मिळणारच नव्हतं. क्रेडिट पुरे नव्हते, वरचे चारही केले नव्हते. ती अशीच निघून गेली असती तर हातात पडलं असतं फक्त पहिल्या वर्षाचं गुणपत्रक, त्यातही एक पेपर नापास.

घरच्यांशी बोलू का, बॅकचं सांगू का, हे मी तिला विचारलं. हे विचारल्याशिवाय मी कुणाच्या आईबापाशी बोलत नाही. मुलं माझ्याकडं येतात ती त्याच भरवशावर. ती म्हणाली, "तुमीच सांगा. मला नाई जमायचं."

वडील आले ते बाजाराच्या दिवशी. डोक्याला रुमाल, पायात धुळीनं पांढरी झालेली चप्पल. ती त्यांना नाना म्हणते, म्हणून मीही नानाच म्हटलं. चहा नको म्हणाले, पाणी घेतलं आणि सरळ मुद्द्यावर आले.

"आता सरकारच म्हणायलंय ना मॅडम, एका वर्साला बी सर्टिफिकेट हाय. आधी पोरगी मधून काढली की लोक म्हणायचे, शिक्षण सोडवलं. आता तसं नाई. कोर्स पुरा झाला म्हणायचं. बस झालं की."

हे वाक्य मी त्या दिवशी घरी जाऊन लिहून ठेवलं. धोरण आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं ते कळतं: अडचणीमुळे थांबावं लागलेल्या विद्यार्थ्याची मेहनत वाया जाऊ नये. हेतू चांगलाच आहे. पूर्वी दोन वर्षं शिकून बाहेर पडलेल्याच्या हाती बारावीचाच कागद उरायचा. पण आमच्याकडं कित्येक मुली कॉलेजात टिकत होत्या त्या 'अर्धवट सोडवलं' या शब्दाला बाप घाबरायचा म्हणून. ती लाज एका शासकीय शब्दानं पुसून टाकली. बाहेर पडायला आता सन्मानाचं नाव मिळालंय, आणि ते नाव कोण वापरतं, मुलगी की घर, हे कुठल्याच अर्जात विचारलेलं नाही.

मी बॅकचं सांगितलं. नाना गप्प झाले. चिडले नाहीत, हे मला अनपेक्षित होतं. मुलीकडं बघून एवढंच म्हणाले, "पालात असताना राहिला काय?" ती मान खाली घालून हो म्हणाली. पुढं ते बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होते.

माझा अंदाज होता की लग्नाचं चाललं असणार. तशी तयारी करूनच मी बसले होते. विचारलं तर म्हणाले, "स्थळं बघायलोत, नाई म्हणत नाई. पण ते काय आजच हाय का? माझा घोर येगळा हाय. दिवाळी झाली की आमी दोघं कोयता घेऊन जाणार. पोरगा-सून त्यांच्या कोयत्यावर. घरी म्हातारी, तिला दिसत नाई. ही पाच म्हैने कुणाच्या भरवशावर ठिवू?"

तर गाठ ही होती. क्रेडिटची नव्हे, फीची नव्हे. पाच महिने मुलगी राहणार कुठं, याची. उसाचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. मी हजेरीपत्रकाच्या मागच्या बाजूला वर्ष आखलं: एका ओळीत सत्रं, खालच्या ओळीत ऊस. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्राची परीक्षा आणि पुढचं जवळजवळ अख्खं सत्र उसाच्या खाली झाकलं गेलं. ७५ टक्के हजेरीचा नियम त्या कागदावर बघितला की हसू येतं. नानांनी कागद उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "हे असं कुणी काढूनच दावलं नव्हतं." खरं तर मीही कधी काढलं नव्हतं.

मग वसतिगृहाकडं वळलो. इथं एक गैरसमज नेहमी आडवा येतो, तो नानांच्या तोंडूनही आला: "मुलींचं शिक्षण फुकट झालंय म्हणत्यात की." जुलै २०२४ च्या निर्णयानं माफ झालं ते शिक्षण व परीक्षा शुल्क, तेही अभियांत्रिकी, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी. बीएस्सीची मुलगी त्यात बसत नाही. आणि बसली असती तरी राहण्या-खाण्याचं काय? आमच्या भागात शिक्षण सुटतं ते खोलीभाड्यापायी, मेसपायी, संध्याकाळच्या चुकलेल्या एसटीपायी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हा मोठाच आधार. पण गाडीच पाचनंतर नसेल तर अर्ध्या तिकिटाचं करायचं काय!

तिच्या प्रवर्गासाठीचं शासकीय वसतिगृह, आणि तिथं जागा नाही मिळाली तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, असे दोन्ही अर्ज भरायचं ठरलं. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक खातं आधारला जोडलेलं. कॉलेजच्या एका लिपिकांनी स्वतः बसून अर्ज भरून दिला. असा एखादा माणूस प्रत्येक कॉलेजात असतो, आणि निम्मं धोरण त्याच्याच खांद्यावर चालतं.

त्या जूनमध्ये एक्झिटचा अर्ज मागं राहिला. तिनं दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. मला वाटलं, मिटलं.

सप्टेंबरात पाऊस आला. २०२५ ची मराठवाड्यातली अतिवृष्टी सगळ्यांनी बघितलीय, मी वेगळं काय सांगू. नानांचं दोन एकर सोयाबीन काढणीला आलेलं, पाण्यात गेलं. सरकारनं बाधित तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांची परीक्षा फी माफ केली, ते बरं झालं. पण घरचं गणित परीक्षा फीवर उभं नसतं. ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाढवून घेतली गेली. वसतिगृहाची यादी लागलेली नव्हती. आणि भावानं परत तोच शब्द काढला, एक्झिट.

या वेळी वंदना माझ्याकडं आली नाही. मला नंतर कळलं. घरातच बोलली. तिनं काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत: "नाना, आता थांबले तर कायच कागद भेटत नाई, मॅडमनी सांगितलं ना. बॅक काढते, मे पर्यंत दोन वर्सं होत्यात. तवा डिप्लोमा तरी भेटंल. मग बोलू."

ज्या दारातून तिला बाहेर काढत होते, तेच दार दाखवून तिनं आणखी एक वर्ष मागून घेतलं. मला हे सुचलं नव्हतं. इतकी वर्षं या कामात घालवल्यावरही कधीकधी समोरची वीस वर्षांची मुलगी आपल्यापेक्षा चांगली समुपदेशक निघते.

नोव्हेंबर-डिसेंबर ती मावशीकडं राहिली. मावशीच्या घरी दोन खोल्या, सात माणसं. अभ्यास पहाटे चारला. गणिताचा पेपर सुटला. जानेवारीत वसतिगृहात जागा मिळाली. हजेरी कमी भरली, त्यासाठी विभागप्रमुखांना दोनदा भेटावं लागलं. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. डिसेंबरात एकदा ती तासभर नुसती रडत बसली होती, आणि तेव्हा मी फक्त दार लावून घेतलं.

आता ज्यांना खरोखर थांबणं भाग आहे त्यांच्यासाठी. असेही असतात. मागं एक मुलगा आला होता, वडील अपघातात गेलेले, वाळूजला कंपनीत लागणं भाग होतं. त्याला मी एकदाही 'थांबू नकोस' म्हटलं नाही. त्याला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगते. आधी बॅक मोकळा करा. क्रेडिट अपुरे असतील तर प्रमाणपत्र नाही. वरचे चार क्रेडिट उन्हाळ्यातच उरका, नंतर ते होत नाहीत. क्रेडिट बँकेच्या खात्यात तुमचे क्रेडिट खरंच चढलेत का, ते स्वतः उघडून बघा. आधारवर आडनाव एक आणि मार्कमेमोवर दुसरं असेल तर तिथंच अडतं. परत यायचं असेल तर ऑफिसातून पुनःप्रवेशाचं लेखी विचारून घ्या आणि टीसी काढायची घाई करू नका. आणखी एक: दोन वर्षांनी परत याल तेव्हा तुमचा विषय कॉलेजात शिल्लक असेलच असं नाही. तासिका तत्त्वावरचे सर गेले, की त्यांच्याबरोबर तो ऐच्छिक विषयही जातो. नोकरी करत शिकायचं असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा रस्ता आहे, त्यात कमीपणा काही नाही. तो मुलगा अजून परत आलेला नाही. त्याची तीन वर्षं संपायला वेळ आहे. मधूनमधून मी मेसेज टाकते, तो अंगठा दाखवतो.

आणि ज्यांना रात्री झोप लागत नाही, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, त्यांनी माझ्या किंवा कुणाच्या लेखाची वाट बघू नये. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

परवा नानांचा फोन आला. हंगाम आटोपत आलेला, मागं ट्रॅक्टरचा आवाज. तब्येतपाणी विचारून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, ते चौथं वर्स म्हणायलेत, ते करावंच लागतं का?"

मी म्हटलं, नाही नाना. तीन वर्षांवर पदवी पूर्ण होते. चौथं वर्ष ऑनर्सचं. ते केलं तर एमएस्सी एका वर्षाची, नाही केलं तर दोन वर्षांची. संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि तशी सोय सगळ्या कॉलेजांत नसते.

"मग तीनच बास," ते म्हणाले. "चौथ्याचं तिला सांगू नका."

मी हो-नाही काहीच बोलले नाही. ७५ टक्क्यांचं वंदनानं सोमवारीच विचारून झालं होतं.