'पापुअन भाषेत' की 'पापुअन भाषांत'?

प्रश्न असा आहे : "पापुअन भाषेत सहाच्या पटीत मोजतात" हे वाक्य बरोबर आहे का?

माहिती अर्धी खरी, पण एकवचन साफ चूक. मराठीत 'भाषा'चं अनेकवचनही 'भाषा'च, त्यामुळे नुसतं 'पापुअन भाषा' लिहिलं तर खपून जातं. प्रत्यय लागला की बिंग फुटतं.

'पापुअन' हे 'द्राविडी'सारखं भाषाकुळाचं नाव नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेलं न्यू गिनी बेट आणि आसपासच्या बेटांवरच्या ज्या भाषा ऑस्ट्रोनेशियन (म्हणजे मलय, मावरी वगैरेंच्या) कुळात बसत नाहीत त्यांची ही मोट आहे, जनगणनेतल्या 'इतर' रकान्यासारखी. तीत डझनावारी कुळं आहेत. काही भाषांचं तर कुणाशीच नातं लागलेलं नाही. पापुआ न्यू गिनी या देशाच्या नावावरही जाऊ नका. त्याच्या राजधानीकडची, पोर्ट मोर्सबीकडची मोटू भाषा पापुअन नाही, पण इंडोनेशियातल्या, लवंगांसाठी गाजलेल्या तर्नाते बेटाची भाषा पापुअन आहे.

आता ते सहा. पापुआ न्यू गिनीच्या वेस्टर्न प्रांतात बिमाडबन नावाचं गाव आहे. तिथली नेन भाषा बोलणारे जेमतेम काही शे लोक. त्यांच्याकडे सहा म्हणजे 'पुस', आणि तेरा म्हणजे 'दोन पुस एक' अशी मांडणी. 36 आणि 216 यांनाही स्वतंत्र शब्द आहेत, कारण कोनफळासारख्या कंदांच्या राशी मोजायच्या असतात. उलट डोंगराळ भागातले ओक्सापमिन लोक एका हाताच्या अंगठ्यापासून निघून हात, खांदा, कान, नाक करत दुसऱ्या हाताच्या करंगळीपर्यंत 27 जागा मोजतात. सहाचा तिथे पत्ताही नाही, तरी ओक्सापमिनही पापुअनच.

एकवचनाचा मला खरा राग येतो तो मात्र वेगळ्याच कारणाने. बिमाडबनचं माणूस एकट्या नेनवर भागवत नाही. तिकडे लग्नं साट्यालोट्याची : तुमची बहीण आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. त्यामुळे शेजारगावांच्या भाषा सुनांबरोबर घरात येतात. मूल बापाची नेन बोलतं आणि आईची नामा किंवा इडीही. शिवाय शाळेतली इंग्रजी. नामा ही नेनची भावकीतली, इडीचं कूळच निराळं. म्हणजे एकाच चुलीपाशी दोन भाषाकुळं नांदतात, आणि आपण "ते पापुअन भाषा बोलतात" म्हणून मोकळे होतो!

तेव्हा 'नेन भाषेत' असं नाव घेऊन लिहा. नाव ठाऊक नसेल तर 'एका पापुअन भाषेत' चालेल. 'पापुअन भाषांत' व्याकरणाने शुद्ध आहे, पण सहाच्या पटीचं विधान सगळ्यांना लागू नसल्याने या वाक्यात तेही नको.