पाण्याचा रंग गेला, पण गेला कुठे?

प्रश्न: शेवाळ टाकलं की कापड कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग उतरतो असं वाचलं. वाळवलेलं, मेलेलं शेवाळही चालतं म्हणे! कसं काय? आणि तो रंग जातो कुठे?

उत्तर: चालतं की, कधीकधी जिवंतापेक्षा बरं चालतं. कारण इथे खाणं-पचवणं नाहीच, नुसतं चिकटणं आहे. पेशीच्या भिंतीवर कार्बोक्सिल, सल्फेट असे अणूंचे गट असतात, पाण्यात त्यांच्यावर ऋण भार येतो आणि मेथिलीन ब्ल्यूसारखा धन भाराचा रंग त्यांना जाऊन बसतो. सरगॅसमसारख्या तपकिरी समुद्री शेवाळात अल्जिनेट, म्हणजे भिंतीतला कार्बोक्सिल गटांनी भरलेला पदार्थ, भरपूर, म्हणून ते यात तरबेज.

गोम पुढे आहे. लॅबमध्ये मेथिलीन ब्ल्यू झकास उतरतो, पण सुती कापडाला वापरतात ते रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋण भाराचे, ते या भिंतीपासून लांबच राहतात, त्यांना चिकटवायचं तर पाणी चांगलं आम्लधर्मी करावं लागतं, आणि रंगाईचं पाणी असतं सोडा नि मीठ घातलेलं, अल्कधर्मी. म्हणजे आधी आम्ल ओता, मग सोडण्याआधी परत सामू वर आणा, खर्च वाढला ना! अशा पाण्यावरचे आकडे कुणी दाखवले तरच मी कान देतो.

जिवंत शेवाळाची तऱ्हा वेगळी. क्लोरेलाच्या काही जाती अ‍ॅझो रंगातला दोन नायट्रोजनमधला बंध एन्झाइमने तोडतात, पाणी स्वच्छ दिसतं, पण तुकडे म्हणून अ‍ॅरोमॅटिक अमाइन्स उरू शकतात आणि त्यातली बेंझिडीनसारखी काही तर कॅन्सरकारक आहेत, म्हणून पाणी नितळ दिसलं तरी विषारीपणाची टेस्ट हवीच. शिवाय गडद पाण्यात उजेडच शिरत नाही, मग शेवाळ वाढणार कसं? त्यामुळे त्याला शेवटच्या टप्प्यावर, फिकट पाण्यात कामाला लावलेलं बरं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मेलेल्या शेवाळात रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून उठून गाळात बसतो. धन भाराचा रंग आम्लाने धुतला की बराचसा सुटतो, शेवाळ पुन्हा वापरता येतं, पण हातात रंगीत आम्ल उरतं.

प्रश्न: स्पिरुलिना पावडर वापरून कॉलेजच्या प्रोजेक्टला हे दाखवता येईल?

उत्तर: येईल, स्पिरुलिना काटेकोरपणे जिवाणूंत मोडतो तरी. मेथिलीन ब्ल्यूच घ्या, पावडर आधी पाण्याने धुवा, नाहीतर तिचाच निळा-हिरवा रंग मोजत बसाल. एक बाटली पावडरशिवाय ठेवा आणि सगळ्या अंधारात, कारण उजेडात हा रंग आपोआपही फिका पडतो.