नववा अध्याय आत्ता नको

काल तलावपाळीवर तू विचारलंस, ‘देवाने सगळं आधीच नेमलंय, तर प्रार्थना कशाला?’ बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा थेट नववा अध्याय, देव कोणाला निवडतो ते सांगणारा, उघडलास की असंच होतं. आधी पाचवा वाच. बाराव्या वचनावर थांब: एका माणसामुळे (आदामामुळे) पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. बाबांच्या शवपेटीवर मूठभर माती टाकली तेव्हा ते वचन मला पहिल्यांदा भिडलं. ओली माती दोन दिवस नखांत होती.

मग आठवा अध्याय वाच. ‘नेमून ठेवलं’ हे शब्द तिथे दुःख सोसणाऱ्यांना धीर द्यायला आलेत, कोणाचं तारण होणार याची यादी करायला नव्हे, असं मला मनापासून वाटतं. ऑगस्टीन आणि कॅल्विन हे धर्मपंडित, याच प्रश्नावरची १६१८-१९ ची डॉर्टची चर्च-परिषद, हे सगळं सावकाश. रविवारी उपासनेनंतर पेन्सिल घेऊन ये, सोबत बसू.