एफडी मोडू नका, आधी फाइल बांधा

नागपूरच्या मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ४१, हिंगणा एमआयडीसीत अकाउंट्सची नोकरी, हातात ३८,००० रुपये पगार. पतीचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, मुलगी अकरावीत. दोन वर्षांपूर्वी वजन ११२ किलो असताना ते कमी करण्यासाठी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी झाली आणि तिचा क्लेम विमा कंपनीने दिला. आज वजन ६७ किलो, गेलं वर्षभर तिथेच टिकून. पण ओटीपोटावरची कातडी झोळीसारखी खाली उतरली आहे. घडीत घाम साचतो, कातडी चिघळते, मलम लावलं की आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. त्या लिहितात, "ऑफिसात दुपारी घडीतला सुती रुमाल बदलावा लागतो. ओला असतो, कधी त्याला रक्त लागलेलं असतं."

सर्जनने टमी टकचे, म्हणजे पोटावरची जादा कातडी काढून पोट आवळण्याच्या ऑपरेशनचे, २,४०,००० रुपये सांगितले, जीएसटी वेगळा. याच महिन्यात केलं तर सवलत. हॉस्पिटलच्या विमा डेस्कने 'हे कॉस्मेटिक आहे, मिळत नाही' असं तोंडीच सांगून परत पाठवलं. एजंट म्हणतो, हर्निया दाखवून टाकू, नाहीतर पॉलिसी दुसऱ्या कंपनीत हलवू, म्हणजे पोर्ट करू. घरात १० लाखांची फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच, पॉलिसी आहे, चार वर्षं पूर्ण झालेली. ४ लाखांची तीन वर्षांची एफडी नोव्हेंबरात मॅच्युअर होते. ती मोडून आत्ताच ऑपरेशन करून घ्यावं का, असा प्रश्न आहे.

ताई, रक्ताचा रुमाल बदलणारी बाई हौसेसाठी सर्जनकडे जात नाही, हे मला कळतं. ऑपरेशन करूच नका असं मी म्हणणार नाही. पण एफडी आत्ता मोडू नका, आणि विमा डेस्कवरच्या मुलाचं तोंडी 'नाही' हे कंपनीचं उत्तर समजू नका.

आधी पॉलिसी काढा आणि त्यातलं एक्सक्लुजन कोड ०८ वाचा. एक्सक्लुजन म्हणजे काय मिळत नाही ते सांगणारं कलम. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळत नाही, इथपर्यंत सगळे वाचतात. पुढचं वाक्य कुणी वाचत नाही. अपघात, भाजणं किंवा कॅन्सर यानंतरच्या पुनर्रचनेला हा नकार लागू होत नाही. शिवाय आरोग्याला असलेला थेट आणि तत्काळ धोका दूर करण्यासाठी जी सर्जरी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे, तिलाही तो लागू होत नाही. अट एवढीच की उपचार करणाऱ्या डॉक्टरने ती गरज लेखी प्रमाणित करायला हवी. तुमचा सगळा मामला या एका वाक्यावर उभा आहे. कातडी लोंबते म्हणून पैसे मिळणार नाहीत. घडीत वारंवार जंतुसंसर्ग होतो, औषधांनी तो थांबत नाही, जखम खोल जाते, हे कागदावर दिसलं तर मागायला जागा आहे.

आणि कागदच तुमच्याकडे नाही. तुम्ही लिहिलंय की मलमं मेडिकलमधून आणता. त्याची फाइल होत नाही. त्यातून काउंटरवर मिळणाऱ्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने बुरशी आणखी चिवट होते. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. खासगीत परवडत नसेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या ओपीडीत जा, तिथला कागद कुठेही चालतो. दर वेळी चिठ्ठीवर तारीख, कुठे काय झालंय, कोणतं औषध किती दिवस दिलं आणि पुढच्या भेटीत फरक पडला की नाही, हे लिहून मागा. स्वॅब किंवा बुरशीची तपासणी सांगितली तर करा. उभं राहून समोरून आणि बाजूने काढलेले फोटो तारखेसह डॉक्टरकडेच ठेवायला सांगा. पावसाळ्यात त्रास वाढतोच, म्हणजे या चार महिन्यांत खरा त्रास खऱ्या नोंदींत उतरेल. बॅरिअ‍ॅट्रिकच्या वेळचं डिस्चार्ज कार्डही लावा. तो क्लेम याच कंपनीने गरजेचा मानून दिला होता.

दुसरं काम सर्जनकडे. टमी टकमध्ये जादा कातडी काढतातच, शिवाय पोटाचे स्नायू आवळतात आणि बहुधा बेंबीची जागाही बदलतात. नुसती लोंबती कातडी आणि चरबी काढण्याला पॅनिक्युलेक्टॉमी म्हणतात. तुमचा आजार घडीत आहे, स्नायूंत नाही. म्हणून खर्चाचा कागद दोन भागांत मागा, पहिला कातडी काढण्याचा, दुसरा स्नायूंचा. मागणी पहिल्या भागाचीच करायची. स्नायू आवळायचेच असतील तर तो भाग स्वतःच्या खिशातून.

जीएसटीकडेही नीट बघा. कॉस्मेटिक सर्जरीवर १८ टक्के लागतो, म्हणजे २,४०,००० वर ४३,२०० रुपये. एकूण २,८३,२०० झाले. पैशांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ज्या बिलावर 'कॉस्मेटिक' म्हणून कर लावलाय, ते बिल क्लेमला जोडलं की नकाराचं कारण तुम्हीच हातात दिलंत. हॉस्पिटल या ऑपरेशनला काय म्हणतंय आणि कर का लावतंय, हे आगाऊ लेखी विचारा.

एजंटच्या हर्नियाबद्दल मला राग आला, म्हणून स्पष्ट लिहितो. खोटा हर्निया दाखवणं ही फसवणूक आहे. पाच वर्षांनंतर कंपनी जुन्या माहितीवरून क्लेम नाकारू शकत नाही, पण फसवणुकीला ते संरक्षणही नाही, आणि तुमची तर पाच वर्षंही झालेली नाहीत. पॉलिसी रद्द झाली तर फ्लोटर असल्याने तुमच्याबरोबर पती आणि मुलगीही उघड्यावर येतील. वजनाच्या त्या जुन्या ऑपरेशनमध्ये दुर्बिणीसाठी पाडलेल्या छिद्रापाशी खरोखरच हर्निया असेल तर गोष्ट वेगळी. सोनोग्राफीत दिसला की तेवढा भाग रीतसर मागा.

पोर्ट करून काही साधणार नाही. कोड ०८ ची भाषा सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसींत जवळपास सारखीच असते. नव्या कंपनीला हे ठरलेलं ऑपरेशन सांगावं लागेल, आणि ते ऐकून ती प्रस्तावच नाकारू शकते.

आता पैसे. एफडी आज मोडली, आणि तुमच्या पावतीप्रमाणे दंड १ टक्का असेल, तर साधारण ३२ महिन्यांच्या व्याजातून दहा हजारांहून जास्त जातील. नोव्हेंबरपर्यंत थांबलात तर काहीच जात नाही. नागपुरात हे ऑपरेशन डिसेंबरातच बरं. नंतर कित्येक आठवडे पोटाला घट्ट पट्टा बांधून राहावं लागतं, आणि तो पट्टा नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बांधून बघायची कुणावर वेळ येऊ नये. 'याच महिन्यात सवलत' सोडून द्या. मधेच ताप आला, कातडी लालबुंद होऊन पसरायला लागली, तर मात्र पैशांचा विचार न करता दाखल व्हा. त्या इन्फेक्शनच्या उपचाराचा क्लेम वेगळा असतो. तेव्हा हातात रक्कम हवी असेल तर एफडीवर कर्ज काढा, मोडू नका.

हिशोब मात्र कंपनीकडून शून्य येईल असं धरूनच करा. ४ लाखांतून २,८३,२०० गेले की १,१६,८०० उरतात. तीन-चार आठवडे रजा लागेल, त्यातली किती पगारी शिल्लक आहे ते एचआरकडून लिहून घ्या. त्याच वेळी ऑफिसच्या ग्रुप विम्याची पॉलिसीही मागा, असेल तर. मुलीच्या क्लासची फी याच उरलेल्या रकमेतून जाणार असेल, तर टमी टक बाजूला ठेवा, फक्त पॅनिक्युलेक्टॉमी करा. माझं मत तेच आहे.

नोव्हेंबरात, ऑपरेशनच्या पंधरा दिवस आधी, सर्जनचं गरजेचं प्रमाणपत्र आणि सगळी फाइल लावून कॅशलेसची पूर्वपरवानगी मागा. २०२४ पासून कंपनीने त्यावर एका तासात निर्णय द्यावा असा नियम आहे. नकार आला तर तो पॉलिसीच्या कलमासह लेखी घ्या. वर्ध्याकडच्या माझ्या एका क्लायंटने ऑपरेशन आधी केलं आणि कागद नंतर जमवायला घेतले. चिघळलेली कातडी तर काढून टाकलेली, दाखवायला काही उरलंच नव्हतं. तो क्लेम मी वर्षभर लढलो आणि हरलो.

लेखी नकार मिळाला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षात आणि विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर जा. महिनाभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. विदर्भाचं काम पुण्याच्या कार्यालयातून चालतं. फी नाही, वकील लागत नाही, मात्र नकारापासून वर्षाच्या आत अर्ज हवा. तिथेही पहिला कागद मागतील तो त्वचारोगतज्ज्ञाची सर्वांत जुनी चिठ्ठी, म्हणून ती याच आठवड्यातली असू द्या.