नवरा-बायको दोघं आणि पगार एकाचाच, अशा घरात बचत कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की घरात माणसं दोनच, कमावणारे तुम्ही एकटे, उधळपट्टी म्हणावी अशी काही नाही, बाहेरचं खाणंही जवळजवळ बंद केलंय, तरी महिनाअखेरीला खातं कोरडं ठणठणीत. बायको स्वतःसाठी काही घ्यायचं म्हटलं की कचरते. सुरुवात कुठून करू आणि पगारातला किती हिस्सा बाजूला टाकू, हा तुमचा प्रश्न. मी तुमच्या बायकोच्या जागेवरून उत्तर देतेय. आमच्याकडे नवरा कमावतो, मला पगार नाही, आणि घरचा सगळा हिशेब माझ्याकडे असतो.

बाहेरचं खाणं बंद केलंत ते ठीक, पण त्यातून फार काही हाती लागेल असं वाटत नाही. किरकोळ खर्चावर सगळेच तुटून पडतात, कारण तो डोळ्यांना दिसतो आणि कापला की आपण काहीतरी केलं असं वाटतं. एकपगारी घराचं कंबरडं मोडतं ते बांधील खर्चानं. घराचं भाडं किंवा हप्ता, गाडीचा हप्ता, विमा, फोन, इंटरनेट, परस्पर कापल्या जाणाऱ्या वर्गण्या. हे निर्णय आपण कधीतरी एकदा घेतो, बऱ्याचदा घाईत, आणि पुढे वर्षानुवर्षं त्यांचे पैसे भरत राहतो. दोन पगारांच्या घरात असा एखादा निर्णय चुकला तर दुसरा पगार तो झाकून नेतो. तुमच्या-आमच्या घरात झाकायला काही नाही.

म्हणून सुरुवात इथून करा. बँकेचं गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट काढा, दोघं मिळून बसा, एका कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे बांधील, उजवीकडे हलता. एखादा खर्च कुठे टाकायचा अशी शंका आली तर एकच विचारायचं: पुढच्या महिन्यात पगार झाला नाही तरी हे पैसे द्यावे लागतील का? हो असेल तर डावीकडे. आम्ही हे करतो तेव्हा स्टेटमेंटमध्ये हमखास एखादी अशी ओळ सापडते जी दोघांपैकी कुणालाच ओळखू येत नाही. ॲपचं नाव एक असतं आणि पैसे कापून घेणाऱ्या कंपनीचं नाव दुसरंच, तेही अर्धवट छापलेलं. रक्कम इतकी बारीक की कुणी शोधायला जात नाही. अशा ओळी त्याच बैठकीत बंद करून टाकायच्या. ‘नंतर बघू’ म्हटलं की ती पुढच्या तिमाहीतही तिथेच असते.

पण खरं डोकं लावायचं ते डावीकडच्या मोठ्या दोन-तीन आकड्यांवर. गरजांना ५० टक्के, हौसेला ३०, बचतीला २० अशी वाटणी सगळीकडे सांगतात. एका पगारात ती क्वचितच जमते. मी त्यातली पहिलीच गोष्ट धरून ठेवते: बांधील खर्च हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. गेला असेल तर किराणा कितीही काटकसरीनं भरा, उपयोग नाही. मग लहान घर, स्वस्त गाडी किंवा गाडीच नाही, कर्जाची फेररचना, यांपैकी काहीतरी करावं लागतं. ऐकायला कडू आहे, आणि एका महिन्यात होणारंही नाही. भाडेकरार संपायची वेळ, विम्याच्या नूतनीकरणाची तारीख, फोनच्या प्लॅनची मुदत, हे त्यातले दरवाजे. त्या तारखा कॅलेंडरवर महिनाभर आधी लिहून ठेवा, नाहीतर जुनाच करार आपसूक पुढे चालू राहतो.

आता किती टक्के, या प्रश्नाकडे. टक्क्यांत विचार करण्यापेक्षा महिन्यांत विचार करा, चित्र लगेच स्पष्ट होतं. पगारातले १० टक्के वाचवत असाल तर ९० टक्के खर्च होतात, म्हणजे एका महिन्याचा खर्च साठवायला ९ महिने लागतात. सहा महिन्यांचा खर्च गाठीशी हवा असेल तर ५४ महिने, साडेचार वर्षं. २० टक्के वाचवलेत तर एका महिन्याच्या खर्चासाठी ४ महिने पुरतात आणि सहा महिन्यांचा निधी दोन वर्षांत उभा राहतो. बचत दुप्पट झाली, पण लागणारा वेळ निम्म्याहूनही कमी झाला. कारण खर्च घटला की साठवायचं लक्ष्यही खाली येतं. २५ टक्क्यांवर तेच काम दीड वर्षात होतं. माझ्या नवऱ्याला बजेट या शब्दाचाच कंटाळा आहे, पण हा हिशेब दाखवल्यावर तो कॅलक्युलेटर घेऊन बसला होता.

एक पगार असलेल्या घराला सहा महिन्यांचा निधी मी किमान समजते. दोन पगारांत एक थांबला तर निम्मी चूल तरी पेटती राहते. इथे थांबला की सगळंच थांबतं. पण सहा महिन्यांच्या आकड्याकडे बघून छातीत धडकी भरू देऊ नका. आधी एका महिन्याचा खर्च साठवा. तेवढ्यानंसुद्धा क्रेडिट कार्डाकडे धाव घेण्याचे बरेच प्रसंग टळतात.

कार्डाची थकबाकी असेल तर हा एक महिन्याचा निधी झाल्यावर लगेच तिच्यामागे लागा, बाकी सगळं सोडून. महिना ३ टक्के व्याज ऐकायला लहान वाटतं. वर्षाचं चक्रवाढीनं ते साडेबेचाळीस टक्क्यांच्या वर जातं. ७२ ला व्याजदरानं भागलं की रक्कम दुप्पट व्हायला लागणारा काळ अंदाजे कळतो, तर ७२ भागिले ३, म्हणजे काहीच भरलं नाही तर २४ महिन्यांत थकबाकी दुप्पट. इतका परतावा देणारी गुंतवणूक जगात कुणी खात्रीनं देत नाही, त्यामुळे कार्ड फेडणं हीच त्या काळातली सर्वांत चांगली गुंतवणूक.

खातं रिकामं होण्याचं आणखी एक कारण असतं आणि ते मासिक हिशेबात दिसतच नाही: वर्षातून एकदा येणारे खर्च. विम्याचा वार्षिक हप्ता, गाडीची सर्व्हिसिंग आणि टायर, घरातली दुरुस्ती, कुणाच्या कार्यक्रमाला जायचा प्रवास, चष्मा, दात. प्रत्येक वेळी आपण म्हणतो, ‘हा महिना जरा वेगळा होता.’ बारापैकी आठ-नऊ महिने असेच वेगळे निघतात. या सगळ्यांची वर्षाची यादी करून बेरजेला १२ नी भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. याला बचत म्हणू नका, तो उधारीवर असलेला खर्च आहे. पण हे खातं नसेल तर खरी बचत दर दोन महिन्यांनी फोडावी लागते.

पैसे बाजूला टाकायची वेळ पगाराच्या दुसऱ्या दिवसाची. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हणणाऱ्याकडे काही उरत नाही, हे तुम्ही अनुभवताच आहात. ठरलेल्या तारखेला रक्कम आपोआप वळती करण्याची स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा म्हणजे दर महिन्याला नवा निर्णय घ्यावा लागणार नाही. आणि पगारवाढीचं आत्ताच ठरवून टाका. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली एका कंपनीतला प्रयोग प्रसिद्ध केला होता. आत्ता बचत वाढवायला तयार नसलेल्या कर्मचाऱ्यांना त्यांनी एवढंच विचारलं की पुढच्या पगारवाढीतला काही भाग बचतीला जाऊ द्याल का. बहुतेकांनी होकार दिला, आणि ४० महिन्यांत त्यांच्या बचतीचं प्रमाण पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलं. हातात येणारी रक्कम कधी कमी झालीच नाही, त्यामुळे कुणाला टोचलं नाही. आमच्याकडे वाढीतला निम्मा भाग बचतीला जातो, तो खात्यात दिसायच्या आत.

आता तुमच्या बायकोच्या कचरण्याविषयी. हा मुद्दा तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलाय, माझ्या मते तो पहिला आहे. पगार एकाच्या नावावर येतो म्हणून पैसा एकाचा होत नाही. ती घरात जे करते ते विकत घ्यायचं ठरवलंत तर तुमच्या कागदाच्या डाव्या बाजूला चार नव्या ओळी येतील. पण हे तोंडानं सांगून भागत नाही, खात्यात दिसावं लागतं. आमच्याकडे पद्धत अशी आहे: पगार जमा झाला की बचत वळती होते, घरखर्चाची रक्कम संयुक्त खात्यात जाते, आणि दोघांच्या स्वतंत्र खात्यांत सारखी रक्कम हातखर्चाला जाते. सारखी, म्हणजे अगदी सारखी. कमावणाऱ्याला जास्त नाही. त्या पैशांचं काय केलं हे एकमेकांना विचारायचं नाही. मी माझ्या हातखर्चातून काही घेते तेव्हा नवऱ्याला फोन करून ‘घेऊ का’ असं विचारत नाही, आणि तोही त्याच्या नव्या हेडफोनचा खुलासा मला देत नाही. (ते किती महाग होते हे मला माहीत आहे. तरी.)

यानं बचत कशी होते, असं वाटेल. होते. ज्या माणसाला प्रत्येक खर्चासाठी विचारावं लागतं तो एकतर मन मारत राहतो किंवा घरखर्चातून हळूच काढतो. दोन्हीत हिशेब खोटा होतो. आणि खोट्या हिशेबावर बजेट बसत नाही.

तुमचा पगार हीच घराची एकमेव मिळकत आहे, तर तिचं रक्षणही बचतीतच धरा. फक्त विम्याचा भाग असलेली साधी मुदत पॉलिसी घ्या. वार्षिक उत्पन्नाच्या दहापट संरक्षण हा एक ढोबळ ठोकताळा आहे, कर्ज असेल तर ते त्यात वर मिळवा. विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या योजनांमध्ये त्याच पैशांत संरक्षण फारच थोडं मिळतं. कमावणारा गेला तर काय, हा विचार बहुतेक घरांत होतो. तो सहा-आठ महिने अंथरुणाला खिळला तर काय, हा होत नाही, आणि त्यात तर पगार थांबून वर औषधोपचाराचा खर्च. आरोग्य विमा आणि शक्य असल्यास अपघात-अपंगत्वाचा विमा पाहा. बायकोच्या नावेही छोटा का होईना विमा हवा. खात्यांवर, ठेवींवर, पॉलिसींवर नामनिर्देशन झालंय का, आणि कुठलं कागदपत्र कुठे आहे हे दोघांनाही माहीत आहे का, तेही याच बैठकीत उरकून घ्या.

एकपगारी घराकडे एक गोष्ट अशी असते जी दोन पगारांच्या घराकडे नसते: कामाला लागू शकणारं दुसरं माणूस. अमेरिकेत तेव्हा कायद्याच्या प्राध्यापक असलेल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांनी २००३ साली हा मुद्दा मांडला होता. दोन्ही पगार हप्त्यांत गुंतले की कुणाचीही एक नोकरी गेली तरी घर कोसळतं. एक पगारावर चालणाऱ्या घरात अडचणीच्या वेळी दुसरं माणूस बाहेर पडू शकतं. मात्र त्यासाठी ते माणूस तयार असावं लागतं. वर्षानुवर्षं काम सुटलं, ओळखी विरल्या, परवाना किंवा नोंदणी संपली की हा राखीव आधार कागदावरच राहतो. म्हणून घरी असलेल्याच्या शिक्षणावर, कोर्सवर, व्यावसायिक सदस्यत्वावर, चांगल्या लॅपटॉपवर होणारा खर्च मी बचतीच्या खात्यात लिहिते. मी जुन्या क्षेत्रातली परीक्षा देण्याचं ठरवलं तेव्हा नवऱ्यानं फीचा आकडा बघून भुवया उंचावल्या होत्या, पण वहीत ती ओळ कुठल्या बाजूला जाते यावर आमचं एकमत होतं. तुमच्या बायकोला आत्ता नोकरी करायची नसेल तर करू नये, तिचा निर्णय. दार उघडं राहील एवढं बघा.

राहिला गुंतवणुकीचा प्रश्न. तुम्ही विचारला नाहीत, पण खाली कुणीतरी नक्की विचारेल. सहा महिन्यांचा निधी पूर्ण होईपर्यंत तो पैसा लगेच काढता येईल अशा ठिकाणीच ठेवा, परतावा कमी असला तरी चालेल. महागाई ६ टक्के धरली तर नुसत्या पडून राहिलेल्या पैशाची किंमत बारा वर्षांत निम्मी होते हे खरं, पण आणीबाणीचा निधी बारा वर्षांसाठी नसतोच. तो भरल्यावर पुढची बचत लांब पल्ल्याच्या गुंतवणुकीत वळवा, तीही त्याच स्थायी सूचनेनं.

पहिल्या महिन्यात यातलं फक्त दोनच करा: उभ्या रेघेचा कागद, आणि दोघांना सारखा हातखर्च. बाकीचं त्या कागदावरचे आकडे बघून ठरवता येईल. कागद झाल्यावर डावीकडची बेरीज पगाराच्या किती टक्के आली ते इथे लिहा, पगाराचा आकडा नको. मग पुढचं नेमकं सांगता येईल.