बोलता येतं, मग व्याकरण कशाला?

प्रश्न : ताई नमस्कार, मी दहावीत आहे. मराठीचा तास मला आवडतो, कविता तर खूपच, पण व्याकरण चालू झालं की डोळे मिटायलाच लागतात. कर्तरी, कर्मणी, भावे, मग समास, मग वृत्तांचे गण लक्षात ठेवायचं ते यमाताराजभानसलगा. घरी सगळे मराठीच बोलतात, मला कोणी कधी म्हटलं नाही की तुझा प्रयोग चुकला. माझी मोठी बहिण म्हणते मार्कासाठी पाठ कर आणि विसरून जा. मग ह्याचा खरा उपयोग काय?

उत्तर : अरे, यमाताराजभानसलगाबद्दल मी तुझ्याच बाजूने आहे. वृत्त आधी चालीत म्हणून कानात बसायला हवं, गण (लघु-गुरू अक्षरांचे तीन-तीनचे गट) नंतर मोजावेत. आपल्याकडे उलटं होतं, आधी व्याख्या फळ्यावर, मग उदाहरण, आणि त्या व्याख्येतले शब्दही थेट संस्कृतातले, मग झोप येणारच की. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, मोरो केशव दामल्यांचं जाडजूड पुस्तक 1911 चं, आणि आपण अजून तीच नावं घोकतोय.

पण एक गंमत सांगते. आमच्या शेजारी लखनौचे एक काका राहायला आले, हौसेने मराठी शिकत होते. एकदा वाण्याच्या दुकानात छाती फुगवून म्हणाले, "मी मराठी शिकली!" सगळे हसले. बिचारे घरी आले आणि मला म्हणाले, मी पोळी खाल्ली हे बरोबर ना, मग मी मराठी शिकली का चूक, मराठी पण स्त्रीलिंगीच आहे ना? आणि मी गप्प! जन्मभर मराठी बोलतेय, लिहून पैसे मिळवतेय आणि उत्तर येईना, शेवटी पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की आपल्याकडे भूतकाळात सकर्मक क्रियापद सहसा कर्माच्या मागे जातं (आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, आंबे खाल्ले) पण शिकणं, विसरणं, बोलणं अशी थोडी क्रियापदं हट्टी आहेत, ती कर्त्यालाच धरून राहतात. म्हणून मी धडा वाचला, पण धडा शिकलो. काकांच्या हिंदीत 'मैंने मराठी सीखी' चालतं, ते तसंच उचलून आणलं त्यांनी.

म्हणजे बोलण्यापुरता तुला व्याकरणाचा उपयोग नाही हे खरंच आहे, ते तुला तीन-चार वर्षांचा असतानाच आलं. दुसऱ्याला मराठी शिकवायची वेळ आली किंवा उद्या तू जर्मन-बिर्मन शिकायला गेलास, की कर्ता-कर्म ओळखता न येणाऱ्याची पहिल्याच महिन्यात फे फे उडते.

आणि लिहिताना तर लगेच उपयोग आहे. तू पत्रात 'बहिण' लिहिलंयस, ते 'बहीण' हवं. पण 'बहिणीला' मात्र ऱ्हस्वच. फूल-फुलाला, मूल-मुलाला, गरीब-गरिबाला, म्हणून बघ मोठ्याने, पुढे काही जोडलं की ते दीर्घ अक्षर आपोआप आखूड होतं. (शरीर-शरीराला तसं होत नाही, तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द.) बहिणीला सांग, हे विसरायचं नाही.

परीक्षेसाठी म्हणशील तर प्रयोगाची व्याख्या बाजूला ठेव. कर्ता बदल, मग कर्म बदल, आणि क्रियापद कोणामागे पळतं ते बघ. कर्त्यामागे गेलं तर कर्तरी, कर्मामागे गेलं तर कर्मणी, कोणामागेच गेलं नाही तर भावे. एवढं जमलं की एक वाक्य घे : तू पोळी खाल्लीस. ह्यातली 'ली' पोळीची, 'स' मात्र तुझा! पोळीच्या जागी आंबा घाल, मग तूच्या जागी तुम्ही घाल आणि काय काय बदलतं ते वहीत मांड. ह्याला पुस्तकात संकर प्रयोग म्हणतात, पण नाव नंतर बघ.